डोंगरातील ओढ्याचा जमाखर्च

महसूल खात्यात कारकुनी करीत असता मजकडे जी अनेक कामे आली, त्यांत एक काम फार लहान पण पावसाळाभर चुकू न द्यावयाचे असे होते. कचेरीच्या आवारात पर्जन्यमापक बसविलेला होता. रोज सकाळी ठरलेल्या वेळी त्यातील पाणी काचेच्या मापनळीत ओतावयाचे, आकडा वहीत मांडावयाचा आणि तो वर कळवावयाचा. पुढे पिकांची पैसेवारी ठरविताना, दुष्काळाचे अर्ज आले असता, तोच आकडा साक्षीस येई. सबब मी तो काळजीने लिहीत असे. पाणी मोजून झाले की ते आवारातील तगरीच्या बुंध्याशी ओतून देई. पाऊस किती पडला हे मी वर्षानुवर्षे लिहिले. पावसातून काय पडले हा प्रश्न माझ्या मनात एकदाही आला नाही, आणि तो विचारावा असे कोणत्याही परिपत्रकात लिहिलेले माझ्या पाहण्यात नाही.

आज या प्रश्नाकडे वळण्यास एक निमित्त घडले. गेल्या शिमग्यानंतर घाटाखालचे एक जुने परिचित खातेदार मजकडे आले. त्यांच्या सामाईक खात्यात डोंगरउतारावर काही एकर मालकी रान आहे. ऐन, किंजळ, मधूनमधून आंबा व जांभूळ. रानाच्या पायथ्याशी ओहोळ, आणि त्या ओहोळाच्या पाण्यावर भाताची खाचरे व थोडी सुपारी. एका लाकूड-ठेकेदाराने उभे रान साफ तोडण्याची बोली लावली होती. कागद कसा करावा हे विचारण्यास ते आले होते. बोलता बोलता म्हणाले, "भाऊसाहेब, झाडे तो नेईल, जमीन काही तो नेत नाही. सात-बारावर क्षेत्र आहे तेवढेच राहणार."

क्षेत्र तेवढेच राहते हे मी नाकारू शकत नव्हतो. तीस वर्षे मी क्षेत्रच लिहीत आलो. परंतु त्या क्षेत्रात शिल्लक किती राहते, याचा रकाना सात-बारात नाही. तो रकाना अमेरिकेच्या ईशान्य भागातील एका डोंगरी रानात काही विद्वानांनी १९६३ सालापासून मांडला आहे, आणि ती वही आजतागायत बंद झालेली नाही. तिची हकीकत मी त्या गृहस्थांस जशी सांगितली, तशीच थोडी विस्ताराने येथे देतो.

न्यू हॅम्पशायर संस्थानात व्हाइट माउंटन्स नावाचे डोंगर आहेत. तेथे हबर्ड ब्रूक नावाचा ओढा वाहतो व त्याच्या खोऱ्यास तेच नाव आहे. रान मेपल, बीच व बर्च या पानझडी वृक्षांचे. उंचावर स्प्रूस व फर हे सूचिपर्णी वृक्ष. हिवाळ्यात हिम पडते, बाकी वर्षभर पाऊस. वर्षाचे एकूण पाणी सुमारे १४०० मिलिमीटर भरते, म्हणजे आमच्या कोकणच्या निम्म्याहून कमी. अमेरिकेच्या वनखात्याने १९५५ साली हे खोरे प्रयोगासाठी राखून ठेवले. त्या वेळी हेतू एवढाच होता की रानाचा व पाण्याचा संबंध काय ते पाहावे. म्हणून लहान लहान पाणलोटांच्या तोंडाशी पक्के बंधारे बांधून त्यांना मध्ये व्ही अक्षराच्या आकाराची खाच ठेवण्यात आली. खाचेतून वाहणाऱ्या पाण्याची उंची मोजली की किती पाणी गेले ते निघते. आपल्याकडे पाटबंधारे खाते कालव्यावर जे करते तेच.

या खोऱ्यात निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे. पातळ मातीखाली जो खडक आहे तो जवळजवळ पाणबंद आहे. पडलेले पाणी भूगर्भात मुरून भलतीकडे निघून जात नाही. जेवढे झाडांतून व जमिनीतून वाफ होऊन गेले तेवढे सोडता बाकी सारे त्या एका खाचेतून बाहेर पडते. ज्या गावास एकच नाका आहे त्या गावातील माल किती बाहेर गेला हे जकात-कारकुनास बिनचूक सांगता येते; बारा वाटा असल्या तर तो काय सांगणार? हर्बर्ट बोरमन नावाचे वनस्पतिशास्त्राचे अध्यापक होते, त्यांच्या ध्यानात ही गोष्ट आली. १९६० साली त्यांनी वनखात्याचे रॉबर्ट पिअर्स यांस लिहून सुचविले की, पाणी मोजताच आहात, तर पाण्यातून कोणते क्षार येतात व जातात तेही मोजावे. वरून पडणाऱ्या पाण्यातील जमा, खाचेतून जाणाऱ्या पाण्यातील नावे, आणि दोहोंमधील फरक म्हणजे रानाने राखले किंवा गमावले ते. बोरमन यांजबरोबर जीन लायकन्स, भूगर्भशास्त्रज्ञ नॉय जॉन्सन व स्वतः पिअर्स असे चौघे मिळाले, आणि १९६३ साली काम सुरू झाले.

मला या कल्पनेचे मोठे कौतुक वाटते. रानातील प्रत्येक झाड, मुळी, गांडूळ व बुरशी मोजू गेले तर सात जन्म पुरणार नाहीत. त्यांनी घरात न शिरता उंबरठ्यावर बसून आवक-जावक लिहिली. हिशेबाचे काम केलेल्या कोणासही यातली खुबी समजेल.

त्या उन्हाळ्यात त्यांनी पावसाचे जे पाणी धरले त्याचा सामू ३.७ निघाला.

सामू म्हणजे काय हे माती-परीक्षणाचा कागद हाती आलेल्या वाचकांस सांगावयास नको. सात हा मध्य. त्याखाली आम्ल, त्यावर विम्ल. मात्र एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात नसते. सामू एका अंकाने उतरला म्हणजे आम्लता दहापट वाढते. निर्मळ हवेतील पावसाचाही सामू सात नसतो. हवेतील कर्बवायू त्यात विरघळतो म्हणून तो ५.६ च्या आसपास असतो. तेथून ३.७ पर्यंत उतरणे म्हणजे आम्लता सुमारे ऐंशीपट. आपल्या घरच्या ताकाचा सामू साडेचारच्या सुमारास असतो; त्यावरून तो पाऊस किती आंबट होता ते समजावे. हा एकाच दिवसाचा प्रकार नव्हता. पुढील वर्षांच्या नोंदींत सालाची सरासरी ४.१ च्या सुमारास येत राहिली. आणि ज्या रानात हे घडत होते त्याच्या आसपास कारखाना म्हणून नव्हता.

हे आम्ल शेकडो मैल पश्चिमेकडून येत होते. तिकडील वीजकेंद्रांत व भट्ट्यांत गंधकयुक्त कोळसा जळे. त्याच्या धुराचे हवेत गंधकाम्ल होई, आणि मोटारींच्या व भट्ट्यांच्या उष्ण धुरातील नत्राचे नत्राम्ल. गावच्या लोकांस धुराचा त्रास होऊ नये म्हणून धुरांडी उंच उंच बांधली गेली. त्यामुळे गावचा त्रास उठला तो परगण्यावर गेला. खरे पाहता हा रोग नवा नव्हता. इंग्लंडातील मँचेस्टर शहराच्या पावसात आम्ल असते हे रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने १८५२ सालीच दाखविले होते, आणि १८७२ सालच्या आपल्या ग्रंथात त्याने 'आम्लवर्षा' या अर्थाचा शब्दही वापरला. हे गृहस्थ कारखान्यांच्या धुरावर नेमलेले सरकारी तपासनीस होते. त्यांचे लिखाण पुढे जवळजवळ शंभर वर्षे कोणी उघडले नाही. १९६७ साली स्वीडनमध्ये स्वांटे ओडेन यांनी वृत्तपत्रात लेख लिहून परदेशी धुरामुळे आपली तळी आम्ल होत असल्याचे जाहीर केले, आणि लायकन्स, बोरमन व जॉन्सन यांनी १९७२ साली अमेरिकेतील आपल्या नोंदी लोकांपुढे ठेवल्या, तेव्हा कोठे आरडाओरड सुरू झाली.

आता मुख्य प्रश्न. आंबट पाऊस पडला म्हणून रानाचे काय बिघडते? पाने जळतात, अशी अनेकांची समजूत असते. खरे नुकसान मातीत होते, आणि ते डोळ्यांस दिसत नाही. हा भाग वाचकांनी थोडे थांबून वाचावा, कारण तो केवळ अमेरिकेच्या रानापुरता नाही.

मातीचे बारीक कण व कुजलेला पाला यांच्या अंगी ऋण विद्युत् असते. कॅल्शियम म्हणजे चुन्याचे तत्त्व, मॅग्नेशियम व पालाश यांच्या अंगी धन विद्युत् असते. म्हणून ही तत्त्वे त्या कणांस चिकटून राहतात. गोठ्यातील दावणीस गुरे बांधलेली असावीत तसे हे आहे. झाडाची मुळी लागेल तेव्हा एखादे सोडून घेते आणि त्याच्या जागी आम्लाचा कण, म्हणजे हायड्रोजन, बांधून ठेवते. पाने गळली, कुजली की घेतलेले परत दावणीस येते. झाडास दरसाल लागणाऱ्या अन्नाचा फार मोठा भाग असा पाल्याच्या कुजण्यातूनच फिरून मिळतो. पावसातून येणारा व ओढ्यातून जाणारा भाग त्या मानाने थोडा. घरातल्या घरात फिरणारा हा पैसा आहे. ओढ्यातून जो थोडा चुना जातो त्याची भरपाई खडकाच्या झिजेतून होते, पण ती फार सावकाश. नत्राची गोष्ट उलट. खडकात नत्र नाही. ते हवेतून येते, आणि वाढते रान आलेले नत्र बाहेर जाऊ देत नाही.

अशा या दावणीवर गंधकाम्लाचा पाऊस पडतो. त्या आम्लाचे दोन भाग होतात. हायड्रोजन जाऊन कॅल्शियमला ढकलतो व त्याची जागा बळकावतो. राहिले सल्फेट. त्याच्या अंगी ऋण विद्युत्, म्हणून ऋण कण त्यास धरीत नाहीत. ते पाण्याबरोबर चालू लागते. पण एकटे जाणे त्यास शक्य नसते. पाण्यात धन व ऋण यांची जोडी जमलीच पाहिजे. मग ते दावणीवरून सुटलेल्या कॅल्शियमचा हात धरून त्यास खाचेबाहेर घेऊन जाते. म्हणजे पावसाने आणलेले आम्ल मातीत राहिले आणि मातीतील चुना ओढ्याने गेला. जोवर दावणीवर चुना आहे तोवर ओढ्याचे पाणी फारसे आंबट होत नाही, आणि पाहणाऱ्यास वाटते की सर्व ठीक आहे. चुना संपत आला म्हणजे मातीतील ॲल्युमिनियम सुटू लागते. ते मुळ्यांस विष आहे. ओढ्यात उतरले म्हणजे माशांच्या कल्ल्यांस विष आहे. विशेषतः वसंतात हिम वितळते तेव्हा साठलेले आम्ल एकदम ओढ्यात येते, आणि तोच काळ माशांच्या पिलांचा असतो.

चुन्याचा तुटवडा कोठकोठपर्यंत पोहोचतो याचे एक नवलाचे उदाहरण हॉलंडमधील आहे. तेथील आम्ल झालेल्या रानांत चिमणीएवढ्या एका पक्ष्याची अंडी पातळ कवचाची होऊन फुटू लागली. शोध करता १९९४ साली असे प्रसिद्ध झाले की, मातीत चुना नाही म्हणून शंखाच्या गोगलगायी उरल्या नाहीत, आणि गोगलगायींचे शंख खाऊनच त्या माद्या अंड्यास कवच करीत असत.

हबर्ड ब्रूकच्या मंडळींनी दुसरा एक प्रयोग केला, आणि माझ्या परिचित खातेदारांस मी तोच आधी सांगितला. १९६५ च्या हिवाळ्यात त्यांनी १५.६ हेक्टरांचा, म्हणजे साडेअडतीस एकरांचा, एक संपूर्ण पाणलोट तोडला. लाकूड मात्र हलविले नाही. झाडे पडली तेथेच ठेवली, गाडीवाट काढली नाही, माती उकरली नाही; आणि पुढील तीन उन्हाळे तणनाशक फवारून काहीही उगवू दिले नाही. म्हणजे ठेकेदार नेतो ते लाकूडसुद्धा येथे जागेवरच होते. जाण्यासारखे काहीच नव्हते असे कोणीही म्हणाला असता.

ओढ्याचे पाणी पहिल्या वर्षी सुमारे ३९ टक्क्यांनी वाढले, कारण ते शोषण्यास झाडे नव्हती. एवढ्यावर कित्येक जण खूष झाले असते. पण पाण्याच्या पृथक्करणात नायट्रेट पहिल्या वर्षी अबाधित रानाच्या ४१ पट निघाले व दुसऱ्या वर्षी ५६ पट. पिण्याच्या पाण्यासाठी ठरविलेली मर्यादा ओलांडली गेली, आणि स्वच्छ ओढ्यावर शेवाळ माजले. दोन वर्षांच्या सरासरीने पाण्यातील कॅल्शियम ४१७ टक्के वाढले, मॅग्नेशियम ४०८ टक्के, आणि पालाश १५५८ टक्के. १९७० साली हे आकडे प्रसिद्ध झाले.

कारण वर सांगितलेल्या दावणीतच आहे. पाला कुजत राहिला, त्यातून नत्र सुटत राहिले. ते घेण्यास मुळ्या नव्हत्या. मातीतील जिवाणूंनी त्याचे नायट्रेट केले. हे करताना आम्ल सुटते. ते आम्ल कॅल्शियम व पालाश यांस दावणीवरून ढकलते, आणि नायट्रेट, सल्फेटप्रमाणेच, त्यांस हाती धरून बाहेर नेते. धुरांड्यातून आलेले आम्ल असो की उघड्या पडलेल्या मातीत तयार झालेले असो, चोरीची तऱ्हा एकच. ज्यांस लाल मातीत वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट टाकण्याची सवय आहे त्यांनीही हे ध्यानी घ्यावे. इंग्लंडात रोथॅमस्टेड येथील गवताच्या प्रयोगक्षेत्रावर १८५६ पासून हे खत पडत आले. ज्या वाफ्यांस चुना मिळाला नाही त्यांचा सामू चाराच्याही खाली गेला. खताची पिशवी म्हणजे आपल्या हाताने पाडलेला आंबट पाऊस होय, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

या प्रयोगाबद्दल न्यायाने एक सांगितले पाहिजे. तीन वर्षे काहीच उगवू न देणे हा मुद्दाम केलेला अतिरेक होता. फवारणी थांबताच रान पुन्हा उठले. त्या मातीत रानचेरीचे बी अनेक वर्षे निजून पडलेले असते. वरचे छत गेले की ते उगवते, झपाट्याने वाढते, आणि सुटलेले नत्र व चुना शोषून घेऊन गळती बांधते. थोडक्यात, नुकसान झाडे तोडण्याने होते त्यापेक्षा तोडल्यानंतर माती किती काळ मुळ्यांवाचून राहिली यावर अधिक अवलंबून आहे. तथापि खोडाबरोबर फांद्या व पालाही नेला तर तो निराळा खर्च, आणि तो कायमचा.

अमेरिकेत १९७० साली हवा स्वच्छ राखण्याचा कायदा झाला, आणि १९९० साली त्यात सुधारणा होऊन वीजकेंद्रांच्या गंधक-धुरास एकूण मर्यादा घालण्यात आली. या कायद्यामागे हबर्ड ब्रूकच्या वहीचाही आधार होता. पावसाचा सामू हळूहळू वर चढला व आता तेथे पाचाच्या आसपास येऊन पोहोचला आहे. पाऊस सुधारला म्हणजे रान सुधारेल असे सर्वांस वाटत होते. पण १९९६ साली लायकन्स, ड्रिस्कॉल व ब्यूसो यांनी अनेक वर्षांची वही जुळवून पाहिली तेव्हा असे दिसले की, मातीच्या दावणीवरून फार मोठ्या प्रमाणावर कॅल्शियम व मॅग्नेशियम निघून गेले आहे, आणि त्यामुळे आम्ल कमी झाले तरी माती व ओढा पूर्वस्थितीस येण्यास फार काळ लागेल. रानाची वाढही १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जवळजवळ थांबली होती. शिवाय आणखी एक गोष्ट निघाली. पूर्वीच्या धुरात राख व धूळ असे आणि तिच्यात थोडा चुना असे. पावसाबरोबर तोही मातीस मिळे. पुढे धूळ कमी झाली. डोळ्यास दिसणारी काजळी अडविली, न दिसणारा वायू मात्र बरीच वर्षे जात राहिला. म्हणजे नावे चालूच, आणि जमेची एक लहान रक्कमही बंद.

मग त्यांनी भरणा करून पाहिला. १९९९ च्या ऑक्टोबरात ११.८ हेक्टरांच्या एका पाणलोटावर वोलास्टोनाइट नावाच्या खनिजाच्या, म्हणजे सिलिका व चुना यांच्या संयुगाच्या, गोळ्या हेलिकॉप्टरमधून पसरल्या. हेक्टरी सुमारे एक टन कॅल्शियम पडेल असा हिशेब होता, कारण आम्लवर्षेने गेले असेल तेवढे परत द्यावयाचे होते. मातीचा व ओढ्याचा सामू वर आला. ज्या मेपल वृक्षाच्या रसाची साखर करतात तो वर्षानुवर्षे खंगत चालला होता; त्याचे शेंडे हिरवे झाले आणि रोपे तग धरू लागली. पहिली तीन वर्षे झाडांनी इतके अधिक पाणी ओढले की ओढ्याचे पाणी घटले. पुढे लाकडाची वाढही शेजारच्या पाणलोटापेक्षा सरस झाली. एवढ्यावर ही गोष्ट संपली असती तर ती फार गोड झाली असती. परंतु सुमारे दहा वर्षांनंतर त्याच पाणलोटातून नत्र गळू लागले, आणि २०१३ साली ते शेजारच्या पाणलोटाच्या तीसपट झाले. सामू सुधारल्याने मातीत साठलेला जुना पाला वेगाने कुजू लागला असावा. चुन्याची तूट भरली तर नत्राची गळती उघडली. माती ही अशी खतावणी आहे की एका खात्यावर रक्कम मांडली तर दुसऱ्या चार खात्यांत फेर पडतो, आणि तो कळण्यास दहा-पंधरा वर्षे लागतात. वही तोवर चालू ठेवणारा कोणी पाहिजे. बोरमन २०१२ साली वारले. जॉन्सन व पिअर्स त्यापूर्वीच गेले. पण दर आठवड्यास ओढ्याचे पाणी बाटलीत भरण्याचे काम चालू आहे.

आपल्याकडे काय? हवामान खाते पुणे, नागपूर यांसह देशातील काही ठिकाणी १९७० च्या दशकापासून पावसाचे पृथक्करण करीत आले आहे. आरंभी आपला पाऊस बहुतेक ठिकाणी आम्ल नव्हता, आणि त्याचे श्रेय धुळीस आहे. कोरड्या महिन्यांत उडणाऱ्या आपल्या मातीत चुना असतो. तो हवेतील आम्ल मारतो. ज्या धुळीस आपण सदा शिव्या देतो ती येथे उपयोगी पडते. परंतु दशकांच्या नोंदींत पावसाचा सामू उतरत चालल्याचे दिसते. गंधकाचा धूर सोडणाऱ्या देशांत आपला देश आज अगदी वरच्या क्रमांकावर आहे. वीजकेंद्रांनी तो धूर धुवावा असा नियम २०१५ साली झाला. त्याची मुदत पुनःपुन्हा वाढली, आणि २०२५ साली बहुतेक केंद्रांस त्यातून सूट मिळाली. धूळ व धूर यांची ही तोलातोली किती दिवस टिकेल यावर पैज लावण्यास मी तयार नाही.

शिवाय सर्व मातीस एक न्याय लागू नाही. देशावरच्या काळ्या जमिनीत खणले की चुनखडीचे खडे निघतात. तिची शिल्लक मोठी आहे. घाटमाथ्यावरील व कोकणातील तांबडी जांभ्याची माती तशी नाही. मूळ खडक तोच काळा पाषाण असला तरी युगानुयुगांच्या पावसाने तिचा चुना धुऊन नेला आहे. तिचा सामू मुळातच आम्लतेकडे झुकलेला असतो. अशा मातीवर जे रान उभे आहे त्याची बरीचशी संपत्ती मातीत नसून झाडांत व पाल्यातच आहे. आमच्या पूर्वजांस सामू ठाऊक नव्हता, पण राब भाजताना ते टहाळ कोणत्या झाडाचे तोडत? ऐनाचे प्रथम. ऐनाच्या सालीच्या राखेचा चुना रानातील लोक पूर्वी पानात घालून खात असत, इतका तो त्यात असतो. राबाने रानातील चुना व पालाश खाचरात उतरत असे. नत्र व गंधक मात्र धुरावाटे जात, आणि रानाच्या खात्यावर एवढी रक्कम नावे पडे ती कोणी लिहीत नसे. मी राबाची निंदा करीत नाही. भाताच्या रोपास त्याचा उपयोग होतो हे मी स्वतः पाहिले आहे. पण राखेतील चुना कोठून आला हे मात्र मी नोकरी संपेपर्यंत विचारले नव्हते.

हे सर्व ऐकून माझे परिचित म्हणाले, "भाऊसाहेब, तो अमेरिकेचा ओढा. आमच्या ओहोळाचे कोणी मोजले आहे?" हा प्रश्न रास्त होता. तेथील आकडे जसेच्या तसे सह्याद्रीवर लावणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण पाऊस आमच्याकडे दुपटीहून अधिक, तोही चार महिन्यांत एकवटलेला, आणि उतार तसाच खडा. मुळ्या नसताना सुटलेले नत्र जूनच्या पहिल्या सरींत मातीत थांबेल असे मानण्यास मला तरी आधार सापडत नाही.

शेवटी आम्ही कागदाच्या मसुद्याकडे वळलो. साफ तोड न करता पट्ट्यापट्ट्याने, तीन-चार सालांत मिळून तोड करावी. ओहोळाच्या दोन्ही काठांवरील झाडे सोडावी. फांद्या व पाला रानातच पसरून ठेवावा, तो जाळू नये. ऐन व किंजळ यांचे बुंधे उकरू नयेत, म्हणजे पहिल्याच पावसाळ्यात त्यांना धुमारे फुटतील. आणि जेथे पुढे काजू लावावयाचा आहे तेथे खड्डेच घ्यावेत, सगळा उतार खणू नये. एवढ्या अटी मी मसुद्यात लिहून दिल्या. तोडीच्या परवानगीचे कागद निराळे, ते त्यांस ठाऊक होते. लिहिताना ते मुकाट्याने पाहत होते. ठेकेदारास पट्ट्यांची अट मानवणार नाही व बोली निम्म्यावर येईल, असे ते म्हणाले. ते खरेही असेल. त्यांच्या घरी यंदा कार्य आहे.

जाताना त्यांनी मजकडून दोन रिकाम्या काचेच्या बाटल्या मागून घेतल्या. एक रानाखालच्या ओहोळाच्या पाण्याने भरावयाची, दुसरी शेजारच्या तोडलेल्या उतारावरून येणाऱ्या ओघळाच्या. दोन्ही एकाच दिवशी, मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर, आणि तपासणीस तालुक्याच्या प्रयोगशाळेत द्यावयाच्या. ठेकेदार दिवाळीनंतर येणार आहे.